मुलांना मधमाशी कशी दाखवावी?

सई_कोथरूड

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीत सातव्या मजल्याच्या छज्जाखालचं आग्या मोहोळ मारलं. ‘काढलं’ म्हणायचा धीर होत नाही. रात्री साडेदहाला फवारणीवाले आले, औषध मारलं, आणि सकाळी पार्किंगमध्ये मेलेल्या माश्यांचा सडा पडला होता. माझी लेक दुसरीत आहे. शाळेच्या बसची वाट बघता बघता ती त्या सड्यापुढे उकिडवी बसली आणि म्हणाली, “आई, ह्या सगळ्या चावणार होत्या?”

मला उत्तर देता आलं नाही. मोहोळ नोव्हेंबरपासून तिथेच होतं आणि तीन महिन्यांत कुणालाही एकही डंख झालेला नव्हता. बैठकीत मी हे बोलले होते. पण “लहान मुलं आहेत हो” म्हटल्यावर सगळे गप्प बसले, मीसुद्धा. आणि ज्या मुलांच्या नावानं हे केलं, त्यांना मधमाशीबद्दल काय माहीत आहे? ती चावते आणि ती मध देते. बस्स.

त्या रविवारी सोसायटीतली अकरा मुलं गच्चीवर गोळा केली. लॅपटॉपवर एक चित्रफीत लावली, पण पाच मिनिटांत निम्मी मुलं उठून गेली. त्यातलाच एक मुलगा कुंड्यांपाशी जाऊन ओरडला, “अरे, इथे खऱ्या आहेत!” तुळशीच्या मंजिऱ्यांवर लहानशा, पुढच्या बाजूनं तांबूस आणि मागे पांढरे-काळे पट्टे असलेल्या माश्या होत्या. फुलोरी. मग आम्ही लॅपटॉप बंद केला आणि तासभर नुसतं पाहत बसलो. एकीच्या मागच्या पायांवर पिवळ्या गोळ्या दिसल्या, त्यावर मुलांचं भांडण जुंपलं. ते तिचे पायच आहेत, की तिनं काही उचललंय, की तिला काही लागलंय? तो पराग आहे हे मी सांगितलंच, पण दहा मिनिटं थांबून. त्या दहा मिनिटांत त्यांनी जेवढं निरखलं तेवढं मी सांगून झालं नसतं.

आता हे दर रविवारी करायचं ठरवलंय, म्हणून हा धागा. तुम्ही आपल्या मुलांना, विद्यार्थ्यांना मधमाशी कशी दाखवलीत? ‘कशी शिकवलीत’ असं मुद्दाम विचारत नाही.

एक गोष्ट आधीच सांगते. “मधमाश्या संपल्या तर चार वर्षांत माणूस संपेल, असं आइन्स्टाइननं म्हटलंय” हे वाक्य मी मुलांना सांगणार नाही. आइन्स्टाइननं असं कुठे लिहिल्या-बोलल्याचा पुरावा नाही. शिवाय ते खरंही नाही. गहू, भात, ज्वारी, बाजरी, मका यांना माशी लागत नाही, त्यांचा पराग वाऱ्यानं जातो किंवा त्याच फुलात पडतो. भाकरी राहील. पण जगातल्या मुख्य अन्नपिकांपैकी साधारण पाऊण पिकांना कमी-अधिक प्रमाणात कीटक-पक्ष्यांच्या परागीभवनाची मदत होते. म्हणजे भाकरीसोबतची भाजी, फळं, तेलबिया, मसाले यांतलं बरंच काही उणं होईल. एवढं खरं मुलांना पुरे आहे. ‘चावेल’ ही भीती घालवून तिच्या जागी ‘आपण मरू’ ही भीती मला बसवायची नाही.

मधपाळ_जावळी

सईताई, तुमच्या लेकीचा प्रश्न वाचला आणि घास गोड लागला नाही.

आम्ही जावळी तालुक्यातले. वडील रानातली सातेरीची मोहळं धरून पेटीत बसवायचे, तेच मी करतो. सहली येतात, पुण्या-मुंबईचे आईबापही पोरं घेऊन येतात. पेटी उघडायच्या आधीच निम्मी पोरं आईच्या मागं लपलेली असतात.

मी पहिल्यांदा नर दाखवतो. नराला काटाच नसतो. चौकटीवरनं एक नर अलगद धरतो आणि पोराच्या तळव्यावर ठेवतो. जाडजूड, काळसर, डोळे टपोरे. तो मुठीत गुणगुणतो, पोराला ती थरथर हातात जाणवते. पहिल्या झटक्याला बरीच पोरं हात उडवतात. उडवू द्यावा, रागावू नये. दुसऱ्यांदा तेच पोर स्वतःहून हात पुढं करतं. वीस वर्षांत हे किती वेळा बघितलं असेल, तरी दर वेळी मला बरं वाटतं. नर बारमाही नसतात, फुलोऱ्याच्या दिवसांत वसाहत भरात असली की मिळतात, म्हणून यायच्या आधी विचारून घ्यावं.

आणि पोरांसमोर ‘ऐतखाऊ नर’ म्हणू नका. बरेच शिक्षक म्हणतात. उडत्या नव्या राणीशी मीलन हे त्याचं काम, आणि ते करताना तो मरतो. राणीबद्दलही असाच गैरसमज. पोरं विचारतात, राणी हुकूम सोडते का? नाही सोडत. ती अंडी घालते आणि तिच्या अंगच्या वासानं घर बांधलेलं राहतं. घर कधी बदलायचं, कुठं जायचं, हे कामकरी माश्याच ठरवतात.

कामकरी माशीचं वय सांगितलं की पोरांना गोष्ट कळते. जन्मली की पहिल्यांदा कप्पे साफ करते. मग अळ्यांना भरवते. मग तिच्या पोटाखालनं मेणाच्या चकत्या सुटायला लागतात, त्यातनं पोळं बांधते. मग दारावर पहारा. आणि साधारण तीन आठवड्यांनी पहिल्यांदा रानात. भर कामाच्या दिवसांत सगळं आयुष्य सहा आठवड्यांचं. आमच्या अंगणात पोरं हे नाटक करतात, कुणी दाई, कुणी गवंडी, कुणी पहारेकरी. तुमच्या गच्चीतही होईल.

शेवटी मी प्रत्येकाच्या बोटावर एकच थेंब मध देतो. एक माशी जन्मभर राबून चहाच्या चमच्याचा बारावा भाग मध करते असा हिशेब सांगतात. तो पेटीत पाळतात त्या युरोपीय मेलिफेरा माशीचा आहे, आमची सातेरी तर अंगानं तिच्याहून लहान. थेंब दिल्यावर हे सांगतो. त्याआधी सांगून उपयोग नसतो.

रानवाटा

धागा चांगला आहे, पण मला दुसरी बाजू मांडायची आहे आणि ती कुणी हलक्यात घेऊ नये.

चार वर्षांपूर्वी आम्ही एका किल्ल्यावर गेलो होतो. कड्याला आग्याची सातआठ पोळी होती. खाली दुसऱ्या एका गटानं चूल पेटवली, धूर वर गेला. पुढची वीस मिनिटं मी विसरू शकत नाही. माझ्या मामेभावाला साठच्या वर डंख होते. दोन दिवस अतिदक्षता विभागात होता. वाचला. आजही तो बागेत बसत नाही.

तेव्हा मुलांना ‘मधमाशी आपली मैत्रीण’ असं गोड गोड सांगणं मला पटत नाही. आग्या मोहोळ उठलं की कुणाची मैत्रीण नसतं. ज्या सोसायटीनं ते काढलं त्यांची पद्धत चुकली असेल, पण भीती खोटी नव्हती.

सई_कोथरूड

तुमच्या भावाबद्दल वाचून फार वाईट वाटलं. भीती खोटी नव्हती हे मान्य आहे, आणि ते मी लिहायला हवं होतं. मुलांना ही बाजू कशी सांगावी? घाबरवायचं तर नाही, पण सावध तर करायचंच आहे.

मधपाळ_जावळी

रानवाटा दादा बरोबर बोलतात. मीही आग्याच्या वाटेला जात नाही. आग्या पेटीत राहत नाही, तिचं एकच उघडं पोळं, कधी मीटभर रुंद, कड्याला, उंच झाडाला, पाण्याच्या टाकीला. पडदा नाही, भिंत नाही. घर उघड्यावर म्हणून राखणही तशीच कडक.

पोरांना दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगायच्या. फुलावरची माशी ही कामावर निघालेली बाई. तिला घराची राखण करायची नाही, पराग-मकरंद घेऊन परत जायचंय. तिच्याजवळ शांत उभं राहा, हात झटकू नका, अनवाणी तिच्यावर पाय देऊ नका, ती काही करत नाही. पोळ्यावरची माशी म्हणजे घर राखणारी. तिथं लांबनंच नमस्कार. पोळं दिसलं की धूर नाही, दगड नाही, फटाके नाहीत, ओरडा नाही, अंगाला अत्तर-फवारे नाहीत.

आणि उठल्याच तर थांबायचं नाही. “हलू नका” हा सल्ला फुलावरच्या एकट्या माशीपुरता. आग्या मागं लागली तर तोंड-डोळे कपड्यानं झाकून सरळ लांब पळायचं, बंद खोलीत नाहीतर गाडीत शिरायचं. पाण्यात उडी मारू नका, त्या वर घिरट्या घालत राहतात. एक माशी चावली की तिच्या काट्याबरोबर वास सुटतो, पिकल्या केळासारखा. तो वास बाकीच्यांना सांगतो, चावायचं इथंच. म्हणून लवकर लांब जाणं महत्त्वाचं.

डॉ_मिरज

थोडंसंच लिहिते. काटा नखानं, कार्डानं, कशानंही चटकन काढा. पद्धतीपेक्षा वेग महत्त्वाचा, कारण तुटलेल्या काट्याची विषाची पिशवी काही काळ विष सोडत राहते. मग साबण-पाणी आणि बर्फ. श्वास लागला, ओठ-जीभ-चेहरा सुजला, अंगभर गांधी उठल्या, चक्कर आली, तर एकच डंख असला तरी लगेच रुग्णालय. लहान मुलाला एका वेळी बरेच डंख झाले असतील तर तो वरवर ठीक दिसला तरी दाखवा.

आणि मधाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात चाटवू नका, बाळगुटीतूनही नाही. त्यातल्या एका जिवाणूच्या बीजाणूंमुळे बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. मोठ्यांना त्याचा त्रास होत नाही. घरातल्या आजीला हे प्रेमानं समजवावं लागतं, पण समजवाच.

गुरुजी_देऊळगावराजा

जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, पाचवी ते सातवी. आमच्या भागात कांद्याचं बी घेतात. संकरित बियाण्याच्या प्लॉटमध्ये नर ओळी आणि मादी ओळी वेगळ्या असतात. मादी ओळीतल्या गोंड्यांना कामाचा पराग नसतो, तो नर ओळीतून कुणीतरी आणून द्यावा लागतो. ते ‘कुणीतरी’ म्हणजे माशी. ती कमी आली त्या वर्षी माझ्या वर्गातल्या मुलींच्या आया सकाळी रानात जाऊन एका ओळीतल्या गोंड्यांवरून हात फिरवायच्या आणि तेच हात दुसऱ्या ओळीतल्या गोंड्यांवरून फिरवायच्या. दिवसच्या दिवस. त्या मुलींना मधमाशीचं महत्त्व सांगायची गरज पडली नाही. मी एवढंच विचारलं, “तुझ्या आईचं हे काम आधी कोण करत होतं?” वर्ग गप्प झाला. मग एकीनं हात वर केला.

कांद्याचा मकरंद माशीला तसा फारसा आवडत नाही. म्हणून जाणते शेतकरी प्लॉटच्या कडेनं मोहरी, धने, गाजर लावतात, माशी तिकडे ओढली जाते आणि जाता जाता गोंड्यांवरही बसते. हे मुलांनीच घरून विचारून आणलं. मी त्यांना एकच घरचा अभ्यास दिला होता, की बाबा फवारणी कोणत्या वेळी करतात ते लिहून आणा. बहुतेकांचं उत्तर आलं ‘सकाळी नऊ-दहा’. माशी रानात भरात असते तीच वेळ. वर्गात आम्ही फळ्यावर माशीचा दिवस आणि फवारणीचा दिवस शेजारी शेजारी मांडला. फुलोऱ्यात शक्यतो फवारू नये, आणि फवारलंच तर सूर्य मावळताना, माश्या घरी परतल्यावर. हे मुलांनी घरी सांगितलं. त्या वर्षी सहा घरांनी वेळ बदलली. सहाच, पण ती घरं मला माहीत आहेत.

सईताई, शहरात करता येईल असा एक प्रयोग सांगतो. लाल भोपळ्याचा वेल लावा, मोठ्या कुंडीतही होतो. नर फूल नुसत्या लांब देठावर असतं, मादी फुलाच्या बुडाशी आधीच इवलासा भोपळा असतो. हा फरक ओळखता आला की मुलांचा निम्मा धडा झाला. फुलं पहाटे उमलतात आणि दुपारच्या आत मिटतात. म्हणून आदल्या संध्याकाळी, उद्या उमलतील अशा तीन मादी कळ्या शोधायच्या. एक उघडी ठेवायची. दुसरीला मलमलीची पिशवी बांधायची आणि फूल मिटेपर्यंत सोडायची नाही. तिसरीलाही पिशवी, पण सकाळी ती सोडून मुलांनी नर फूल आत हलकेच फिरवायचं आणि पुन्हा बांधायचं. तिन्हींना रंगीत दोरे. मग रोज बघायचं.

भोपळाच घ्या. दोडका आणि दुधी संध्याकाळी उमलतात, त्यांचे पाहुणे वेगळे, रात्रीचे पतंग येतात. त्यावरून मधमाशीबद्दल काही सिद्ध होणार नाही. काकडी घ्यायची तर गावरान, कारण काही संकरित वाणांना परागाशिवायच फळ धरतं आणि मुलं गोंधळतात. मी एकदा फसलो आहे.

अजून एक. जागतिक मधमाशी दिन २० मे. संयुक्त राष्ट्रांनी २०१७ साली ठरवला, स्लोव्हेनियाच्या आंतोन यान्शा या अठराव्या शतकातल्या मधपाळाच्या स्मरणार्थ. पण २० मेला आपल्या शाळांना सुट्टी असते. म्हणून आमचा मधमाशी दिन फेब्रुवारीत असतो, कांद्याला गोंडे धरले की.

गणिताची_बाई

गुरुजी, तुमचा फळ्यावरचा दिवस डोळ्यांसमोर आला!

आठवीला मी मधमाशी गणितातून आणते. निषेचन न झालेल्या अंड्यातून नर जन्मतो, निषेचित अंड्यातून मादी. म्हणजे नराला आई असते, वडील नसतात. पण आजोबा असतात, आईचे वडील! हे ऐकून वर्ग खडबडून जागा होतो. मग मुलं नराची वंशावळ काढतात. एका नराची आई १. तिचे आईवडील २. त्यांच्या वरची पिढी ३, मग ५, मग ८. आधीच्या दोन संख्यांची बेरीज म्हणजे पुढची संख्या, हे कुणीतरी ओरडून सांगतंच. मी सांगायची वाट बघत नाही, ते सांगायची वाट बघते.

लहानांसाठी नाणी. टेबलावर एक रुपया ठेवा आणि त्याला चिकटून भोवती रुपयेच लावायला सांगा. बरोबर सहा बसतात, सातवं मावत नाही. गोल एकमेकांना चिकटवले की मध्ये फटी राहतात. फटी घालवा म्हटलं की मुलांच्या वहीत आपोआप षटकोन उतरतो. कमी मेणात जास्त साठा होतो तो ह्यामुळे.

कुडाळकर

ज्यांची मुलं खूपच घाबरतात त्यांच्यासाठी कोकणातली एक सोय. डंख नसलेली पोयाची माशी. मुंगीएवढी, काळी. आमच्या घराच्या चिऱ्याच्या भिंतीत माझ्या लहानपणापासून तिचं घर आहे. बाहेरून फक्त मेण-राळेची बोटभर नळी दिसते आणि तिच्या तोंडावर चारपाच पहारेकरी. नाक लावून बघा, काही होत नाही. फार त्रास दिला तर केसांत शिरते, एवढंच. मुंबईहून पोरं आली की पहिली त्या नळीपाशी धावतात. भिंतीला गिलावा करायची वेळ आली तेव्हा आईनं गवंड्याला तेवढी जागा सोडायला लावली. वीतभर चौकोन तसाच आहे.

म्युनिकची_मृणाल

इथे २०१९ साली बवेरियात ‘मधमाश्या वाचवा’ म्हणून जनतेनं मागणी केली, साडेसतरा लाखांच्या आसपास लोकांनी नगरपालिकेत रांगा लावून सह्या केल्या आणि कायदा बदलायला लावला. माझा मुलगा तेव्हा बालवाडीत होता. पण त्या सगळ्यातून मी शिकले ते असं, की मुलांना फक्त मध देणारी माशी दाखवू नये. इथे रानमाश्यांच्या पाचशेहून जास्त जाती आहेत, बहुतेक एकट्या राहणाऱ्या, आणि खरी चिंता त्यांची आहे.

आपल्याकडेही तेच करा ना. वांग्या-टोमॅटोच्या फुलाचा पराग बारीक छिद्रातून बाहेर पडतो, त्याला जोराची थरथर लागते. आपल्या मधमाश्यांना ती येत नाही. लाकूड पोखरणारा मोठा काळा भुंगा आणि पोटावर निळे पट्टे असलेली माशी ते काम करतात. गच्चीत एक वांग्याचं रोप ठेवा आणि सकाळी कान देऊन बसा. फुलावर बसल्यावर भुंग्याचा सूर बदलतो, तो ऐकू येतो.

आणि इथली पुस्तकं मराठी मुलांना जशीच्या तशी वाचून दाखवू नका. त्यांत मधमाशी म्हणजे एकच जात, लाकडी पेटीतली. आपल्याकडे आग्या, सातेरी, फुलोरी, शिवाय पोयाची माशी. आपली मुलं या बाबतीत श्रीमंत आहेत.

सई_कोथरूड

सगळ्यांचे किती आभार मानू! भोपळ्याचं बी मोठ्या तीन कुंड्यांत टोचलं आहे. नाणी झाली, नाटक झालं. एका मुलीला पहारेकरीच व्हायचं होतं, तीन रविवार तिनं दार सोडलं नाही.

मधपाळ दादा, एक विचारायचं होतं. जानेवारीत माझी लेक खिडकीतून ते मोहोळ बघायची तेव्हा म्हणाली होती, “आई, त्याच्यावरून लाट गेली.” मी लक्ष दिलं नाही. तिला खरंच काही दिसलं असेल का?

मधपाळ_जावळी

खरंच दिसलं. शाब्बास म्हणा तिला. गांधीलमाशी जवळ आली की आग्याच्या माश्या एकामागोमाग एक पोट वर उचलतात आणि सगळ्या पोळ्यावरनं लाट पळते. डोळ्याचं पातं लवायच्या आत. गांधीलमाशी बिचकते, तिला एकेक माशी वेगळी दिसत नाही. डंख न मारता घर राखायची रीत आहे ती. तुमच्या लेकीनं विचारलं होतं ना, ह्या सगळ्या चावणार होत्या का. तिला सांगा, तिनं स्वतःच बघितलंय त्या आधी काय करतात ते.

आग्या ऋतूप्रमाणं जागा बदलते, पावसाळ्याआधी बहुतेक निघून जाते, आणि पुढच्या वर्षी पुष्कळदा त्याच जागी येते. नोव्हेंबरात परत आल्या तर समितीला एवढंच सांगा, रात्री त्या बाजूचे दिवे बंद ठेवा आणि खिडक्यांना जाळी लावा. रात्री त्या उजेडाकडं येतात, फरशीवर पडतात, पोरांचा पाय पडतो, आणि डंखाची तक्रार तिथनं सुरू होते. आणि फवारलेल्या पोळ्याचा मध कुणी नेला असेल तर खाऊ नका म्हणावं.

माशी नाचून बाकीच्यांना फुलांचा पत्ता सांगते, त्या नाचाचं सांगायचं राहिलं. कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली नोबेल मिळालं ते माशीची ही भाषा उलगडली म्हणून. पेटीतल्या अंधारात, उभ्या पोळ्यावर, वरची दिशा म्हणजे सूर्य असं धरून माशी पोट हलवत चालते. सूर्याच्या उजवीकडं जेवढ्या कोनात फुलं, उभ्या रेषेच्या उजवीकडं तेवढ्याच कोनात तिची चाल. जितका वेळ पोट हलवत चालली तितकं लांब. पोरांना फळ्यावर हे कठीण जातं. पण तुमच्या तुळशीवरच्या फुलोरीचं पोळं आसपास एखाद्या झुडपात असणार, तळहाताएवढं, फांदीभोवती. तिच्या पोळ्याला वर सपाट माथा असतो. ती त्या माथ्यावर नाचते आणि चालते थेट फुलांच्याच दिशेनं. कोन नको, गणित नको. चारपाच हात लांब, सावली न पाडता बसा. ती जिकडं चालते तिकडं पोरांना धावू द्या.

गणिताची_बाई

हे मला माहीत नव्हतं. उद्याच शाळेच्या मेंदीच्या कुंपणात शोधते.

सई_कोथरूड

एप्रिल संपत आला, म्हणून कळवते.

फुलोरीचं पोळं शेजारच्या बंगल्याच्या बोगनवेलीत सापडलं. फांदीच्या दोन्ही बाजूंना चिकट डिंकाची कडी होती. मुंग्या येऊ नयेत म्हणून असेल, असा अंदाज मुलांनीच केला. नाचाचं सांगू? दोन रविवार काही कळलं नाही. तिसऱ्या रविवारी एक माशी माथ्यावर पोट हलवत पुन्हा पुन्हा एकाच बाजूला चालत होती. मुलं त्या दिशेला धावली. रस्त्यापलीकडच्या शेवग्याला बहर होता, आणि झाड नुसतं गुणगुणत होतं. ती तिथलीच कशावरून, हे एका मुलानं विचारलं. मी म्हटलं, सांगता येणार नाही. आता ते रोज तपासतायत.

भोपळा : लाल दोऱ्याचं फूल, जे पिशवीत राहिलं, त्याचा इवला भोपळा पाचव्या दिवशी पिवळा पडून गळला. मुलांनी हातानं पराग लावलेला आणि उघडा ठेवलेला, दोन्ही धरले. उघड्याचा आकार छान गोल आहे, हाताचा एका बाजूनं वाकडा. “आपण नीट फिरवलं नाही,” असं पहारेकरीण म्हणाली. गळलेला भोपळा माझ्या लेकीनं आगपेटीत ठेवलाय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते. काल समितीच्या सचिवांनाही दाखवला. त्यांनी दोन प्रश्न विचारले. तिनं दोन्हींची उत्तरं दिली.

आणि पुणेकरांनो, गणेशखिंड रस्त्यावर १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. इतकी वर्षं मी तिच्या दारावरून जात होते. सुट्टीत मुलांना घेऊन जायचं आहे, तिथे विचारणा करते आहे.

रानवाटा

मधपाळ दादा, माझा भाचा नऊ वर्षांचा आहे. भावाच्या अपघाताचं तो लहानपणापासून ऐकतोय. त्याला तुमच्याकडे आणावं का? आणि खरं सांगायचं तर मलाही यायचं आहे.

मधपाळ_जावळी

या. मेच्या दुसऱ्या आठवड्याआत या, मग वळवाचा भरवसा नाही. सध्या जांभळाचा मध निघतोय, जरा कडवट असतो, भाच्याला आवडेल का बघू. हिरडाही फुललाय. येताना मांघर बघा, महाबळेश्वरापासून जवळच, २०२२ साली मधाचं गाव म्हणून जाहीर झालेलं देशातलं पहिलं. तिथंही पेट्या बघायला मिळतील.

सकाळी दहाच्या सुमारास पोचा, ऊन असलं पाहिजे. दोघांनीही पूर्ण बाह्यांचे फिके कपडे घाला, काळे आणि लोकरीचे नकोत. डोक्याला वासाचं तेल नको. पेटीच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही, माझ्या डाव्या बाजूला राहा. जाळी देईन. पहिल्यांदा नुसतं लांबनं बघू, त्याला वाटलं तर जवळ, नाही वाटलं तर नाही. नर आहेत सध्या.